गेन्झोनं फाटक का उघडलं

वरदा मंगसुळेचा धंदा विचाराल, तर तो होता नसलेल्या माणसांची मनं ओळखण्याचा. हसू नका, त्या काळात मिरजेत घरबसल्या असल्या धंद्यावर पोट भरता यायचं, आणि बऱ्यापैकी भरता यायचं. पंचाईत एवढीच होती की घरात जो एक जिताजागता माणूस होता, तिचा सख्खा थोरला भाऊ, त्याच्या मनात काय चाललंय हे तिला काही केल्या उमजत नव्हतं.

"बघ बाबा, तुझ्या हातचं तरी खातोय का," असं म्हणत त्या सकाळी तिनं उप्पिटाची ताटली अल्ताफच्या हातात दिली आणि ती दारातच थांबली.

अल्ताफ शिकलगार म्हणजे सारंगदादाचा शाळेपासूनचा दोस्त आणि तंबोऱ्याच्या कारखान्यातला भागीदार. त्यानं खुर्ची पलंगाशी ओढली, चमचा पुढे केला, आणि दादानं निमूट तोंड उघडलं. एक घास, दुसरा घास. जरा वेळापूर्वी हीच ताटली वरदानं पुढे केली तेव्हा त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, आणि तिनं आग्रह केला तसा डाव्या हातानं चमचा उडवून लावला होता. रव्याचे कण अजून तिच्या ओढणीवर होते.

"मी काय विष कालवते का रे यात?" वरदा म्हणाली.

"तुझ्या हातून मीठ जास्त पडत असंल," अल्ताफ म्हणाला.

"चेष्टा नको, अल्ताफदादा. वर्ष होत आलं. मी खोलीत आले की हा डोळे मिटून घेतो. मी काय वाकडं केलंय याचं?"

अल्ताफनं दोस्ताकडे पाहिलं. "सारंग्या, सांग की लेका तिला. रागावलायस का तिच्यावर?"

दादानं डोळे मिटून घेतले.

सांगणार तरी कसा? पाच वर्षांपूर्वीच्या अपघातात उजवी बाजू लुळी पडली होती, आणि मेंदूत शब्द जिथं जुळतात तो भागच गेला होता. दुसऱ्याचं बोलणं सगळं कळायचं, विनोदाला हसूही फुटायचं, पण स्वतःचा एक शब्द जुळत नव्हता, ना बोलून, ना लिहून. मनातलं वाचून बोलून दाखवणाऱ्या टोप्या तोवर बाजारात आल्या होत्या. पण त्या टोप्या पकडतात डोक्यात जुळून झालेले शब्द. इथं शब्द जुळतच नव्हते, तर टोपी बिचारी काय पकडणार? डॉक्टरांनी एकदा घालून पाहिली तेव्हा नुसती खरखर ऐकू आली. डावा हात हलायचा, पण थरथरायचा. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मं सांडायचं, म्हणून त्याला भरवावं लागे. चार वर्षं त्यानं वरदाच्या हातून खाल्लं होतं. आणि मग एक दिवस तोंड फिरवलं ते फिरवलंच.

अल्ताफ निघताना नेहमीचं बोलला. "ह्याला माझ्यासंगं कारखान्यात पाठव की. जबान गेली असंल, कान शाबूत आहेत. जवारी उघडली की नाही, ते ह्याच्यासारखं कुणाला कळतंय?"

जवारी म्हणजे तंबोऱ्याची तार जिच्यावर टेकते ती घोडी. ती घासून घासून सूर उघडतात, आणि त्यात दादाचा कान मिरजेत नावाजलेला. पण वरदा म्हणाली, "धुळीनं खोकला होईल त्याला," आणि विषय मिटवला. दादानं डोळे उघडले नाहीत, पण त्याचा जबडा आवळलेला अल्ताफनं पाहिला.

आता वरदाच्या धंद्याचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

'काराहाशीचा वेढा' हा सामुरायांचा खेळ तेव्हा जगभर खेळला जात होता. पूर्वीच्या खेळांत पात्रांची वाक्यं कुणी लेखक लिहून ठेवायचा. पात्र का चिडलं, हे त्या लेखकाला विचारलं की झालं. या खेळात तसा लेखकच नव्हता. प्रत्येक पात्राला एक हेतुजाळं होतं. पात्राला एक पूर्वकथा द्यायची, चार गरजा द्यायच्या, भूक, भीती, माया, मान, आणि मग त्याला वर्ष-दोन वर्षं खऱ्या खेळाडूंच्या सहवासात सोडून द्यायचं. या खेळाडूंना पालक म्हणत. माणसं कुणासाठी काय सोडतात, कशावर रुसतात, उपकाराची जाण कशी ठेवतात, हे पात्र पालकांच्या वागण्यातून उचलायचं, आणि जाळ्यातल्या अगणित गाठी त्याप्रमाणे घट्ट-सैल होत जायच्या. शेवटी जे तयार व्हायचं ते स्वतःच्या कारणांनी वागायचं. ती कारणं कोणती, हे बनवणाऱ्यांनाही सांगता येत नसे, कारण जाळं उघडून पाहिलं तर आत नुसते आकडे. अहो, पोर घरात बघून बघून शिकतं तसंच हे, आणि पोराचं डोकं तरी कुठं उघडून बघता येतं? वागणं पाहायचं आणि अंदाज बांधायचा. असा अंदाज बांधणाऱ्यांना अन्वयकार म्हणत, आणि मराठीत हे काम करणाऱ्यांत वरदाचं नाव वरचं होतं. तिचे कार्यक्रम मुंबईपासून बेळगावपर्यंत पोरंटोरं आणि त्यांचे बापही ऐकायचे.

आणि त्या वर्षी सगळं जग एकाच प्रश्नावर भांडत होतं. गेन्झोनं फाटक का उघडलं?

गेन्झो हा काराहाशी किल्ल्यावरचा म्हातारा सामुराय. किल्ल्याची मालकीण सुझुहिमे ही तरुण बाई, आणि गेन्झो तिच्या घराण्याचा जुना चाकर. लढाईत त्याची कंबर मोडते आणि तो अंथरुणाला खिळतो. बाहेर शत्रूचा वेढा, आत धान्य संपत आलेलं. शत्रूचा सेनापती निरोप धाडतो की ज्यांना चालता येतं त्यांनी निघून जावं, कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. सुझुहिमे नकार देते. ती रोज स्वतःच्या हातानं गेन्झोला पेज पाजते, आणि एक दिवस हा म्हातारा तिच्या हातची पेज घ्यायची बंद करतो, तिच्यावर वसावसा ओरडतो, आणि शेवटी एका पहाटे फरपटत जाऊन पश्चिमेचं फाटक आतून उघडतो. किल्ला पडतो. महिनोन्‌महिने किल्ला लढवणाऱ्या खेळाडूंनी कपाळावर हात मारला. बरेच जण तर तिथल्या तिथं गेन्झोचं डोकं उडवायचे.

फाटकाकडे जाण्याआधी तो आणखी एक गोष्ट करायचा. सुझुहिमेचा पेजेचा वाडगा पुसून तिच्या दाराशी ठेवायचा, आणि त्यात मूठभर भाजलेले तांदूळ घालायचा. किल्ल्यात दाणा नसताना याच्याकडे तांदूळ आले कुठून? शत्रूनं दिले, असं एक पक्ष म्हणे. दुसरा पक्ष होता सुडाचा. सुझुहिमेच्या बापानं गेन्झोच्या भावाला मृत्युदंड दिला होता, असं पूर्वकथेत होतं, त्याचा हा बदला. वरदा स्वतः तिसऱ्याच वाटेनं गेली होती. जपानी चालीरीतींची पुस्तकं पालथी घालून तिनं सांगितलं होतं की तांदूळ हा मृताचा नैवेद्य, म्हणजे गेन्झो मालकिणीला सांगतोय की तू मला मेलीस. लोकांनी वाहवा केली होती.

ओसाकाच्या कंपनीला मात्र वाहवा नको होती. कंपनीचा नियम असा की ज्या वागण्याचा हेतू सिद्ध होत नाही ते यंत्राचा बिघाड समजायचं, आणि पात्र कोरं करून पुन्हा पहिल्यापासून घडवायचं. गेन्झोला कोरं करायचं ठरत आलं होतं. शेवटची संधी म्हणून काही निवडक अन्वयकारांना पडद्यावरच्या सुनावणीला बोलावलं होतं, त्यात वरदा होती. सिद्ध करायची रीत साधी होती. तुमचा अंदाज खरा असेल, तर पात्राला कधी न आलेल्या प्रसंगात टाकल्यावर ते काय करील, हे आधी सांगा. मग यंत्र चालवून बघू.

वरदाला गेन्झो जाऊ द्यायचा नव्हता. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तो खाटेवर मान फिरवून पडलेला दिसला की तिला पडदा बंद करवत नसे, एवढं खरं.

सुनावणीच्या आदल्या दुपारी ती ओट्याशी भांडी घासत होती. अल्ताफच्या बायकोनं, नसीमावहिनीनं, सकाळी डबाभर दालचा पाठवला होता. वरदानं डबा घासला, पुसला, फडताळातून गुळाचा डबा काढला, एक खडा फोडून वहिनीच्या डब्यात टाकला आणि झाकण लावायला हात नेला. हात तिथंच थांबला.

"अगं बाई!" ती एकटीच मोठ्यानं म्हणाली.

दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. गूळ असेल तर गूळ, साखर असेल तर साखर, नाहीतर दोन शेंगा, पण रिकामं नाही. आईनं शिकवलेलं, तिच्या आईनं तिला. दादाचं या बाबतीत फार कडक असे. अपघातानंतर इस्पितळातून घरी आल्यावरही, वरदा घाईत वहिनीचा डबा तसाच परत द्यायला निघाली होती तर त्यानं पलंगाच्या कडेवर मूठ आपटून आपटून तिला माघारी वळवलं होतं. आणि आपण काय केलं? सगळ्या जपानची पुस्तकं चाळली, आणि स्वतःच्या ओट्यावरचं दिसलं नाही.

वाडगा भरून परत देतात तो शत्रूला नव्हे. देतात ते ज्याचं खाल्लं त्याला, आणि मनापासून. गेन्झो सुझुहिमेचे आभार मानत होता. मग तांदूळ कुठले? त्याच्याच वाट्याचे. तो खातच नव्हता, बाजूला टाकत होता. आणि खात का नव्हता? कारण चालता येणाऱ्यांना जायची मुभा होती, आणि तरी सुझुहिमे जात नव्हती, आणि ती जात नव्हती ती केवळ त्याला चालता येत नव्हतं म्हणून. आधी त्यानं तिला रागावून पाहिलं, तोडून पाहिलं. तरी हलेना, तेव्हा ती उपाशी मरायच्या आत त्यानं वेढाच संपवून टाकला.

वरदा ओट्याला पाठ टेकून खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढे आता किल्ला नव्हता.

वर्षापूर्वी याच कंपनीच्या मोरिताबाईंनी तिला ओसाकाला बोलावलं होतं. दोन वर्षं राहायचं, पात्रं घडवणाऱ्यांबरोबर बसून काम शिकायचं. असलं बोलावणं कुणाला येतं? तिनं दादाच्या खोलीत उभं राहूनच फोनवर नकार दिला होता, वर हसून म्हणाली होती, "मी गेले तर माझ्या भावाकडे कोण बघणार?" दादानं तोंड फिरवलं ते त्याच आठवड्यात.

हे खरं असेल का? की आपल्याला हवं ते आपण वाचतोय? अन्वयकाराचा सगळ्यात मोठा रोग तोच. भाऊ आपल्याला विटला नसावा, असं तिला किती मनापासून वाटत होतं, हे तिचं तिला ठाऊक होतं. म्हणून ती उठून तडक त्याच्या खोलीत गेली नाही. तिनं ठरवलं, आधी गेन्झोला विचारू. तो खोटं बोलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनावणी सुरू झाली. पडद्यावर मोरिताबाई, गोऱ्या, पन्नाशीच्या, नीटनेटक्या. त्यांचं जपानी बोलणं यंत्र मराठीत करून ऐकवायचं, आणि ते मराठी असं की वरदाला सातवीच्या निबंधाची आठवण व्हायची.

"आदरणीय वरदामहोदया, आपल्या अन्वयाची प्रतीक्षा आम्ही उत्कंठेने करीत आहोत," यंत्र म्हणालं.

वरदानं सांगितलं. आधी स्वतःचा नैवेद्याचा सिद्धांत चुकीचा होता हे सांगितलं, मग वाडग्याचं सांगितलं. वहिनीचा डबा, गुळाचा खडा, सगळं.

"आणि भाकीत?" मोरिताबाईंनी विचारलं.

"असा प्रसंग करा," वरदा म्हणाली. "सुझुहिमे गेन्झोच्या खाटेशी जाते आणि सांगते की मी उद्या सकाळी किल्ला सोडून जाते. बस, एवढंच बदला. तो सूड घेणारा असेल तर तिला जाऊ देणार नाही, आजच फाटक उघडील. फितूर असेल तरी तेच. यंत्राचा बिघाड असेल तर कधी उघडील, कधी नाही. मी म्हणते तो फाटकाला हात लावणार नाही. तो तिच्याकडे खायला मागेल. तिच्या हातचं खाईल. आणि ती लांब जाईपर्यंत तेच फाटक आतून धरून ठेवील."

गेन्झोचं काय व्हायचं ते व्हायचंच होतं, पण तिचं आणि तिच्या भावाचं काय होतं तेही आता त्या उत्तरावर टांगलेलं होतं. मोरिताबाईंना हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी मान तुकवली आणि प्रसंग बांधायला सांगितलं. बंद यंत्रात तो हजार वेळा चालवणार होते, आणि त्यातला पहिला सगळ्यांसमोर.

पडद्यावर काराहाशीचं ते अंधारं दालन आलं. गेन्झो भिंतीकडे तोंड करून पडलेला. सुझुहिमे खाटेशी बसली आणि म्हणाली, "मी उद्या सकाळी निघते, गेन्झो."

म्हातारा हलला नाही. मग त्यानं हळूच मान वळवून तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, ती खरं बोलतेय का ते जोखल्यासारखं. आणि या खेळाच्या इतिहासात कुणी पाहिलं नव्हतं ते झालं. गेन्झो हसला. "पेज आहे का थोडी?" त्यानं विचारलं.

वरदाला पुढचं नीट दिसलं नाही, डोळे भरून आले होते. तिनं ऐकलं ते मोरिताबाईंचं. हजारातले जवळजवळ सगळे प्रसंग तिनं सांगितल्यासारखेच झाले होते. गेन्झो फाटक धरून बसला होता, शेवटपर्यंत.

"गेन्झो राहील," मोरिताबाई म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "एक गोष्ट आपणास निवेदन करते. पालकांची नावे आम्हासही ज्ञात नसतात. परंतु गेन्झोचे पालक आम्ही इस्पितळांतून घेतले होते. हात पुन्हा चालावा म्हणून ज्यांना खेळ दिला जातो, असे रुग्ण. ज्याची सेवा दुसरा करतो त्याचे मन कसे असते, हे गेन्झोला शिकायचे होते. त्यांतील एक इस्पितळ आपल्या मिरज नगरीत होते."

दादाला इस्पितळात डाव्या हाताच्या व्यायामासाठी एक जपानी खेळ दिला होता. घरी आल्यावरही तो दीड-दोन वर्षं खेळत असे. वरदा शेजारी बसून स्वतःचं काम करायची, आणि त्या पडद्यात काय चाललंय हे तिनं कधी वळून पाहिलंही नव्हतं. नर्सबाई सांगायच्या, हात छान चालतोय हं, चालू ठेवा.

"मोरिताबाई," वरदा म्हणाली, "तुमचं ते गेल्या वर्षीचं बोलावणं अजून शिल्लक आहे का हो?"

यंत्रानं भाषांतर करायच्या आधीच मोरिताबाईंना कळलं असावं. त्या हसल्या.

दादाच्या खोलीत अल्ताफ आलेला होता, ताटली हातात घेऊन बसला होता. वरदा आत शिरली तसे दादानं डोळे मिटले.

"अल्ताफदादा, ती ताटली इकडं दे."

"अगं, उडवून लावंल पुन्हा."

"दे म्हणते ना."

तिनं खुर्ची घेतली. दादाचा चेहरा भिंतीकडे होता. कानाजवळचे केस पांढरे झालेले तिला आज दिसले.

"दादा," ती म्हणाली, "मी ओसाकाला जाते. दोन वर्षं."

दादा हलला नाही.

"आणि तू उद्यापासून कारखान्यात जायचंस. धूळ असो नाहीतर काही असो. अल्ताफदादा नेईल, आणेल. दिवसभराला माणूस ठेवू, जेवण वहिनीकडून. मी विचारलं नाही त्यांना अजून, पण विचारते."

"विचारतीस कशाला? झालं म्हणून समज," अल्ताफ म्हणाला, आणि मग तिच्याकडे वळला. "खरं जाणार आहेस का गं तू?"

"खरं जाणार."

दादानं मान वळवली. तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. ही नजर तिनं तासाभरापूर्वी पाहिली होती, म्हणून तिनं त्याला हवं तेवढं पाहू दिलं. त्याचा सगळा चेहरा हलायला लागला. आधी ओठ थरथरले, मग गळ्यातून कसलासा आवाज आला, आणि तो हसत होता की रडत होता हे सांगता आलं नसतं. बहुतेक दोन्ही. त्यानं तोंड उघडलं.

वरदानं चमचा भरून त्याच्या तोंडात दिला. त्यानं खाल्लं. तिनं दुसरा दिला, तोही खाल्ला. वर्षभरानं तिच्या हातचं खात होता, आणि घाईघाईनं, भूक लागलेल्या माणसासारखं खात होता.

"मला वाटलं तू मला कंटाळलास," ती म्हणाली. नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता. "वर्षभर तेच वाटत होतं रे मला. तू मला घालवत होतास होय? माझ्या भल्यासाठी, शत्रू होऊन? तुझे फार उपकार आहेत दादा माझ्यावर. फार उपकार आहेत."

दादानं जोरजोरात मान हलवली, नाही नाही नाही. त्यानं डावा हात पुढे केला आणि तिच्या हातातला चमचा काढून घेतला. अल्ताफ अर्धा उठला, पण वरदानं त्याला खुणेनं बसवलं. दादानं ताटलीतून चमचा भरला. हात कापत होता, निम्मं उप्पीट चादरीवर सांडलं. उरलेला घास त्यानं दातओठ खात, डोळ्यांत पाणी घेऊन, सावकाश तिच्या तोंडापर्यंत आणला.

वरदानं तोंड उघडलं आणि खाल्लं. तो लगेच दुसरा चमचा भरायला लागला, आणि ताटली रिकामी होईपर्यंत थांबलाच नाही.